लीगच्या दारावरचा इतिहास : बास्केटबॉलच्या पात्रता स्पर्धा कशा वाचायच्या?

पीएचडीच्या तयारीत असलेल्यांना एक विभागणी चांगलीच माहीत असते. काहींना पेट द्यावी लागते, तर नेट किंवा सेट झालेल्यांना अनेक विद्यापीठांत तिच्यातून सूट मिळते. पुढे सगळे एकाच विभागात, एकाच गाइडच्या केबिनबाहेर बसतात, पण आत येण्याचे रस्ते वेगळे असतात. विद्यापीठाचा इतिहास लिहायचा झाला तर आपण पदवीदान समारंभाचे फोटो बघतो. प्रवेशाचे नियम कधी आणि का बदलले, याची परिपत्रकं कोण बघतं? खरं तर संस्थेला कोण 'आपलं' वाटतं आणि कोणाला आधी तपासून घ्यावंसं वाटतं, हे त्या परिपत्रकांतच लिहिलेलं असतं.

हाच मुद्दा आज खेळाच्या इतिहासातून मांडतो. विषय जरा आडवळणाचा आहे : एका खंडातल्या क्लबांची बास्केटबॉल लीग आणि तिच्यात शिरण्यासाठी होणाऱ्या पात्रता स्पर्धा. या स्पर्धा टीव्हीवर फारशा दिसत नाहीत आणि बातमी आली तरी चार ओळींची असते. पण लीगचा इतिहास लिहिणाऱ्यासाठी हा फार चांगला स्रोत आहे, कारण लीग कोणाची, या प्रश्नाचं उत्तर दारावरच्या नियमांत मिळतं. दोन खंड घेऊ. आधी युरोप थोडक्यात, मग आफ्रिका सविस्तर.

युरोप : दार हळूहळू बंद होतं तेव्हा

युरोपियन चॅम्पियन्स कप १९५८ मध्ये सुरू झाला आणि पहिलं विजेतेपद रीगाच्या एएसके क्लबनं मिळवलं. तेव्हाचा हिशेब सोपा होता. आपल्या देशाची लीग जिंका आणि युरोपात खेळा. वेगळ्या पात्रता स्पर्धेची गरज नव्हती, कारण देशातली लीग हीच पात्रता स्पर्धा होती.

२००० मध्ये मोठे क्लब फीबापासून, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघापासून वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची युरोलीग काढली. २०००-०१ च्या हंगामात युरोपात दोन अव्वल लीगा चालल्या आणि दोन विजेते झाले : युरोलीगमध्ये किंडर बोलोन्या आणि फीबाच्या सुप्रोलीगमध्ये मक्काबी तेल अवीव. पुढच्या वर्षी दोन्ही प्रवाह एकत्र आले, पण सत्ता क्लबांच्या हातात गेली होती. मग परवान्यांची पद्धत आली. काही क्लबांची जागा अनेक वर्षांसाठी पक्की झाली आणि उरलेल्या जागांसाठी बाकीच्यांनी भांडायचं, असं ठरलं.

पात्रता फेरी हवी कशाला, हा प्रश्न इथे निर्माण झाला. २००९-१० पासून ती सुरू झाली आणि काही वर्षांतच तिला एकाच गावातल्या छोट्या बाद स्पर्धेचं रूप आलं. २०१२ मध्ये इटलीतल्या देझिओला आठ संघ जमले. जागा एक. हरलात की घरी. जागा मिळाली कांतू क्लबला, आणि देझिओचं मैदान कांतूला जवळपास घरचंच होतं. २०१३ मध्ये स्पर्धा लिथुआनियातल्या व्हिल्नियसला झाली आणि जिंकला तिथलाच लिएतुवोस रितास. २०१४ मध्ये ती बेल्जियमच्या ओस्टेंडला झाली आणि जिंकला रशियातल्या कझानचा उनिक्स.

इथे जरा थांबा. 'यजमानाला फायदा होतो' हे वाक्य लिहायला हात शिवशिवतो. तीनपैकी दोनदा घरचा किंवा जवळपास घरचा संघ जिंकला आहे, म्हणजे ६७ टक्के! पण तीन निरीक्षणांवर टक्केवारी काढायची नसते. यजमानपद कोणाला मिळतं हेही बघावं लागतं. स्पर्धा भरवण्याचा खर्च आणि तयारी ज्या क्लबाला झेपते, तो मुळातच बळकट असण्याची शक्यता जास्त. या अडचणीकडे पुढे पुन्हा येऊ.

२०१६-१७ पासून युरोलीग १६ संघांची झाली. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे ३० फेऱ्या. त्यातल्या ११ क्लबांकडे दीर्घ मुदतीचे परवाने होते. पात्रता स्पर्धा आता नव्हती. खालच्या युरोकपचा विजेता वर येऊ शकतो, अशी फट राहिली. त्याच वर्षी फीबानं आपली वेगळी चॅम्पियन्स लीग सुरू केली आणि तिथे पात्रता फेऱ्या ठेवल्या. म्हणजे दोन संस्थांमधलं भांडण नेमकं दारावरून होतं. एक म्हणत होती, आमच्याकडे कोण खेळेल हे आम्ही ठरवू. दुसरी म्हणत होती, मैदानावर ठरू दे.

याचं आजचं टोक बघायचं असेल तर २०२५-२६ चा हंगाम बघा. युरोलीग २० संघांची झाली आणि त्यात दुबईचा क्लब आला. हा क्लब २०२३ मध्ये स्थापन झाला आणि त्याचं शहर युरोपात नाही. याउलट त्याच हंगामात आलेला हापोएल तेल अवीव युरोकप जिंकून आला होता. एकाच वर्षी, एकाच लीगमध्ये, दोन दारं.

आफ्रिका : दार नव्यानं बांधलं जातं तेव्हा

आफ्रिकेत क्लबांची खंडीय स्पर्धा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होती. तिच्यातला सर्वांत यशस्वी क्लब म्हणजे अंगोलाचा प्रिमेइरो दे आगोस्तो. त्यांची नऊ विजेतेपदं आहेत, शेवटचं २०१९ मधलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनबीएनं आणि फीबानं मिळून बास्केटबॉल आफ्रिका लीगची, म्हणजे बीएएलची घोषणा केली. सेनेगलचे अमादू गालो फॉल अध्यक्ष झाले. संघ १२. आता प्रश्न असा की ५० हून अधिक देशांच्या खंडातून १२ कसे निवडायचे?

उत्तर अर्धं-अर्धं होतं. अंगोला, इजिप्त, मोरोक्को, नायजेरिया, सेनेगल आणि ट्युनिशिया या सहा देशांच्या विजेत्यांना थेट प्रवेश. उरलेल्या सहा जागांसाठी पात्रता स्पर्धा. म्हणजे सहा नेट-सेटवाले आणि सहा पेटवाले. पात्रतेतून पहिल्यांदा आलेले सहा असे : मादागास्करचा जीएनबीसी, रवांडाचा पेट्रियट्स, कॅमेरूनचा एफएपी, मालीचा एएस पोलीस, मोझांबिकचा फेरोव्हियारियो दे मापुतो आणि अल्जीरियाचा जीएस पेट्रोलिए.

पात्रतेच्या या वाटेला 'रोड टू बीएएल' म्हणतात. नंतरच्या वर्षांत स्थिरावलेली रचना साधारण अशी : आधी लहान गटांची पहिली फेरी, मग 'एलिट १६'. त्यात पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग, प्रत्येकी आठ संघ, आणि प्रत्येक विभागातून वरचे तीन लीगमध्ये. या 'वरच्या तीन'मुळे एक गंमत होते. उपांत्य सामना जिंकला की काम झालं, त्यामुळे अंतिम सामना जवळपास औपचारिक ठरतो. खरा जीवघेणा सामना तिसऱ्या क्रमांकाचा. इतर स्पर्धांत त्या सामन्याला कोणी विचारत नाही, पण इथे जिंकणारा खंडीय लीगमध्ये आणि हरणारा वर्षभरासाठी घरी. नियमाची एक ओळ बदलली की कोणत्या सामन्यात जीव आहे तेही बदलतं, त्याचा हा स्वच्छ नमुना.

पहिला हंगाम मार्च २०२० मध्ये डाकारला सुरू व्हायचा होता. कोविड आला आणि तो मे २०२१ मध्ये रवांडातल्या किगालीत, सगळे संघ एकाच ठिकाणी ठेवून, दोन आठवड्यांत उरकला गेला. किगालीच्याच मैदानावर पेट्रियट्सनं डिसेंबर २०१९ मध्ये पात्रता मिळवली होती. मध्ये सुमारे १७ महिने गेले. प्रत्यक्ष लीगमध्ये उतरलेल्या पेट्रियट्समध्ये अमेरिकन रॅप गायक जे. कोल होता आणि तो तीन सामने खेळला. जगभरच्या बातम्यांत पेट्रियट्सचं नाव आलं ते त्याच्यामुळे. म्हणजे पात्र ठरलेला संघ आणि लीग खेळलेला संघ नावानं एक, पण माणसांनी पुरता तसाच नाही. आकडेवारी गोळा करताना 'संघ' हे एकक आपण किती सहज धरून चालतो, याचा विचार इथे करावा लागतो.

साठ ओळींचा तक्ता

आता थोडं गणित. २०२१ ते २०२५ असे पाच हंगाम, प्रत्येकी १२ संघ, म्हणजे ६० जागा. वही घ्या किंवा एक्सेल उघडा. प्रत्येक जागेसाठी एक ओळ आणि पाच रकाने : वर्ष, क्लब, शहर, देश, प्रवेशाचा मार्ग. बस, एवढंच. यातून काय काय निघतं बघा.

एक. पाच वर्षांत एकूण २३ देशांचे क्लब लीगमध्ये दिसले. पहिल्या वर्षी १२ देश होते, त्यात पुढे ११ नव्यांची भर पडली. दक्षिण सुदानचा कोब्रा स्पोर्ट २०२२ मध्ये आला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर अवघ्या ११ वर्षांनी. युगांडाचा सिटी ऑइलर्स २०२३ मध्ये आला, केनियाचा नैरोबी सिटी थंडर २०२५ मध्ये. थेट प्रवेशाची यादी दरवर्षी बहुतांशी त्याच देशांची राहिली, तेव्हा ही भर पडली ती मुख्यतः दुसऱ्या दारामुळे. पात्रता स्पर्धा नसती तर 'आफ्रिका लीग' या नावातला आफ्रिका बराच आक्रसला असता.

दोन. पाचही वर्षं हजर असलेले देश पाच : अंगोला, इजिप्त, ट्युनिशिया, सेनेगल आणि रवांडा. ६० पैकी २५ जागा यांच्या. यात रवांडाकडे नीट बघा. पहिल्या वर्षी तो देश पात्रतेच्या रांगेत होता, २०२२ मध्ये थेट प्रवेशाच्या यादीत आला. मध्ये काय झालं? किगालीनं पहिला हंगाम भरवला आणि त्यांचा पेट्रियट्स चौथा आला. यातलं कोणतं कारण किती वजनाचं, हे तक्ता सांगणार नाही. पण प्रश्न तक्त्यानंच दिला. उलट नायजेरिया पहिल्या यादीत होता आणि २०२२ मध्ये त्याचा एकही संघ नव्हता. यादी दगडात कोरलेली नाही, हे एवढ्यावरूनच कळतं.

तीन. कोणत्याही वर्षी एका देशाचे दोन क्लब दिसत नाहीत. आता वर लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव आठवा. नऊ विजेतेपदं असलेला प्रिमेइरो दे आगोस्तो या ६० ओळींत एकदाही नाही. अंगोलाची जागा पाचही वेळा पेत्रो दे लुआंडानं घेतली, जो त्यांचा घरचा प्रतिस्पर्धी. खंडातल्या सर्वाधिक यशस्वी क्लबाला नव्या लीगचं दार उघडलं नाही, कारण त्याच गल्लीत आणखी बळकट शेजारी होता. देशांची संख्या वाढवायची की सर्वोत्तम क्लब आणायचे, यातलं बीएएलनं पहिलं निवडलं. युरोलीगनं दुसरं निवडलं. दोन्ही निवडींची किंमत कोणी ना कोणी मोजतं.

चार. पाच अंतिम सामने, म्हणजे दहा जागा. त्यातल्या आठ थेट प्रवेशवाल्यांच्या आणि दोन पात्रतेतून आलेल्यांच्या. त्या दोन्ही लिबियाच्या : २०२४ मध्ये बेनगाझीचा अल अहली पेत्रोकडून हरला आणि २०२५ मध्ये त्रिपोलीच्या अल अहलीनं पेत्रोला हरवून विजेतेपद घेतलं. पात्रतेच्या दारातून आलेला हा पहिलाच विजेता.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना. २०२३ चा विजेताही अल अहलीच, पण कैरोचा. सलग तीन अंतिम सामने, तीन अल अहली, तीन वेगळे क्लब. तक्त्यात 'शहर' हा रकाना नसेल तर फिल्टर लावल्यावर एकच महाबलाढ्य क्लब समोर येईल. फेरोव्हियारियोचंही तेच. २०२१ चा मापुतोचा, २०२२ आणि २०२३ चा बेइराचा. डेटा साफ करायचा म्हणजे असल्या नावांचा बंदोबस्त करायचा.

आठ विरुद्ध दोन : निष्कर्ष काय?

'थेट प्रवेश मिळालेले संघ जास्त यशस्वी, म्हणून थेट प्रवेश फायद्याचा', असं म्हणता येईल का? नाही. थेट प्रवेश ज्यांना दिला ते देश आधीपासूनच बास्केटबॉलमध्ये वरचढ होते. म्हणजे वरचढपणामुळे थेट प्रवेशही मिळाला आणि वरचढपणामुळेच अंतिम फेरीही गाठली असेल. प्रवेशाच्या मार्गाचा स्वतःचा परिणाम वेगळा काढायचा तर साधारण सारख्या ताकदीचे संघ शोधावे लागतील, ज्यातले काही एका दारानं आले आणि काही दुसऱ्या. किंवा एकच देश दोन्ही दारांनी येताना पकडावा लागेल. रवांडा म्हणूनच मोलाचा आहे : २०२१ मध्ये एका दारानं, २०२२ मध्ये दुसऱ्या. अर्थात क्लब बदलला, यजमानपद तेच राहिलं, म्हणजे गुंता आहेच. पण प्रबंधातलं एक प्रकरण असल्याच गुंत्यातून निघतं.

दुसरी एक दिशा क्लबांच्या नावांतून मिळते. पहिल्या हंगामातले १२ संघ पुन्हा वाचा. एएस दुआन म्हणजे सेनेगलच्या कस्टम्सवाल्यांचा क्लब. एएस पोलीस हे नावच बोलकं आहे. एफएपी म्हणजे कॅमेरूनचं लष्कर आणि पोलीस. पेत्रो आणि पेट्रोलिए तेलवाले. फेरोव्हियारियो म्हणजे रेल्वेवाले. १२ पैकी निदान सहांच्या नावातच सरकारी खातं किंवा उद्योग आहे. रवांडाचे पुढचे दोन क्लबही त्याच जातकुळीतले : आरईजी वीज कंपनीचा, एपीआर लष्कराचा. आपल्याकडे रेल्वे, सर्व्हिसेस, ओएनजीसी यांचे बास्केटबॉल संघ माहीत असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पात्रता स्पर्धा म्हणजे परदेशी विमानभाडं, मुक्काम, आठवडाभराची रजा, आणि एवढं करून जागा मिळेलच याची खात्री नाही. हा जुगार कोणाला परवडतो? ज्याच्यामागे खातं उभं आहे त्याला, असा एक अंदाज बांधता येतो. तो तपासायचा तर विजेत्यांपेक्षा पहिल्याच फेरीत बाद झालेल्यांची यादी जास्त उपयोगी पडेल.

मैदानावर मिळालेली जागा

शेवटचं प्रकरण मार्च २०२४ मधलं. बुरुंडीचा डायनॅमो क्लब पात्रता स्पर्धेतून लीगमध्ये आला. त्यांच्या देशाचा लीगमधला हा पहिलाच क्लब. सामने दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला. लीगच्या जर्सीवर प्रायोजक म्हणून 'व्हिजिट रवांडा' ही अक्षरं होती. त्याच वर्षी जानेवारीत बुरुंडीनं रवांडालगतची सीमा बंद केली होती. दोन शेजारी देशांचे संबंध अगदी ताणलेले होते. पहिल्या सामन्यात डायनॅमोचे खेळाडू त्या अक्षरांवर पट्टी चिकटवून खेळले आणि केपटाऊन टायगर्सविरुद्ध जिंकलेही. पुढच्या सामन्यांत पट्टी चालणार नाही असं ठरलं. संघानं ती जर्सी घालायला नकार दिला. एक सामना सोडला, दुसरा सोडला, आणि नियमानुसार स्पर्धेतून बाहेर गेला.

इथे बरोबर कोण, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. प्रायोजकाशी करार झालेला असतो आणि नियम सगळ्यांना सारखे असतात. दुसरीकडे, खेळाडूंना आपल्या देशाचं सरकार आणि लीगचा पैसा यांच्यामध्ये उभं केलं गेलं होतं. पण आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं हे : पात्रता स्पर्धा सांगते की तुम्ही मैदानावर सिद्ध करा, जागा तुमची. डायनॅमोनं सिद्ध केलं होतं. तरी दारावर आणखी एक अट होती, जी कोणत्याही पात्रता फेरीत खेळून पार करता येत नव्हती. आणि ती अट घालणारं नाव तक्त्यात पाचही वर्षं हजर असलेल्या, यजमान असलेल्या देशाचं होतं. रवांडाची ओळ आणि बुरुंडीची ओळ शेजारीशेजारी ठेवून वाचली की लीगबद्दल जे कळतं, ते कोणत्याही अंतिम सामन्याच्या वृत्तांतात नाही.

तुमच्या विषयात हे कसं वापराल?

बास्केटबॉल सोडून द्या हवं तर. तुमचा विषय साहित्य संमेलन असो, सहकारी बँक असो, नाट्यस्पर्धा असो किंवा एखादी शिष्यवृत्ती, तीन गोष्टी करून बघा.

पहिलं, निकालांच्या आधी प्रवेशाचे नियम गोळा करा, वर्षवार. नियम कुठे बदलला तिथे खूण करा. त्या खुणेच्या आधीच्या वर्षी काय घडलं ते शोधा. बहुतेक वेळा तुमचं पहिलं प्रकरण तिथेच असतं.

दुसरं, 'कोण जिंकलं'च्या शेजारी 'कोणत्या दारानं आलं' हा रकाना ठेवा. तो नंतर भरायला फार त्रास होतो, कारण विजेत्यांच्या नोंदी सगळे ठेवतात, पण ते आत कसे आले हे काही वर्षांत लोक विसरतात.

तिसरं, जे आत आलेच नाहीत त्यांची यादी करा. प्रिमेइरो दे आगोस्तो ६० ओळींत नाही. तो सापडला कारण जुन्या स्पर्धेची यादी शेजारी ठेवली. नसलेली गोष्ट डेटामध्ये आपोआप दिसत नाही, तिच्यासाठी दुसरी यादी लागते.

मुलाखतीत पॅनल विचारतं, 'तुमच्या प्रस्तावात नवीन काय?' नवीन म्हणजे अगदी कोणी न पाहिलेला स्रोत, असं दरवेळी नसतं. सगळ्यांनी पाहिलेल्या स्पर्धेचा कोणी न वाचलेला नियम, हेही नवीनच. साठ ओळींचा तक्ता एका रविवारी होतो. तुमच्या विषयाचा तक्ता किती ओळींचा होईल, तेवढं मोजून बघा.